मुंजा, चेटकीण आणि तात्या विंचू : मुलांच्या भयकथांतल्या खुणा

मुलांच्या भयकथेत ओळखीच्या खुणा दडवलेल्या असतात. पात्राचे नाव एखाद्या जुन्या गोष्टीतून आलेले असते. मंत्राचे शब्द दुसऱ्याच कुठल्या मंत्राची आठवण करून देतात. एखादा नट केवळ त्याच्या आधीच्या भूमिकेमुळे त्या जागी उभा केलेला असतो. ज्याला खूण कळते तो हसतो, ज्याला कळत नाही तो घाबरतो, आणि गोष्ट दोघांनाही पुरते. पुढे वाचकांच्या आणि प्रेक्षकांच्या टोळक्यात यावर रंगून बोलणे होते : हे कुठून आले, ते कोणाला उद्देशून आहे, आधी कोणी ओळखले. अमेरिकेत १९९२ पासून निघालेल्या आर. एल. स्टाइन यांच्या ‘गूजबम्प्स’ मालिकेभोवती अशा चर्चेचे मोठे जग उभे राहिले. मराठीतही ही चर्चा आहे आणि तिची मुळे बरीच जुनी आहेत. पुण्यात तर ती पेठांच्या, टेकड्यांच्या आणि बोळांच्या नावांपर्यंत पोहोचतात.

खूण ओळखता यायची तर आधी सामाईक शिदोरी लागते. मराठी मुलाला ती घरातच मिळते. भुताचे पाय उलटे असतात, मुंजा पिंपळावर राहतो, हडळ विहिरीजवळ किंवा चिंचेखाली भेटते, चकवा लागला की माणूस रात्रभर त्याच जागी फिरत राहतो, हाकामारीच्या पहिल्या हाकेला ओ द्यायची नसते, भीमरूपी म्हटले की यांतले काहीही जवळ येत नाही. खवीस, समंध, गिऱ्हा, जखीण, देवचार, ब्रह्मराक्षस यांची प्रत्येकाची जागा, खोड आणि उतारा ठरलेला आहे. हे नियम कोणत्याही एका पुस्तकाचे नाहीत. आजी, शेजारचा मोठा मुलगा, मामाच्या गावचा गडी अशा तोंडांतून ते येतात. म्हणूनच लेखकाला ते समजावून सांगावे लागत नाहीत. कथेतला पाहुणा अंगणात आला आणि त्याच्या पावलांचे ठसे उंबऱ्याकडे येण्याऐवजी दूर जाताना दिसले, एवढे लिहिले की पुरे. कथेतल्या माणसांना काही कळण्याआधी वाचणाऱ्या मुलाला कळलेले असते. भयकथेतला हा फार मोठा आनंद आहे. जो घाबरतो तोच जाणकारही ठरतो.

या शिदोरीतले बरेचसे बोलीत मुरलेले आहे. घरी न टिकणाऱ्या, सतत इकडेतिकडे हिंडणाऱ्या माणसाला ‘बारा पिंपळावरचा मुंजा’ म्हणतात. मौंजीबंधन झालेला, पण सोडमुंज आणि लग्न होण्याआधी वारलेला मुलगा मुंजा होतो, ही त्यामागची समजूत. मृत मुलाची ही गोष्ट मुळात करुण आहे, पण बोलण्यात ती थट्टेची होते. पुण्याच्या पेठांत मुंजाबाचा बोळ आहे, धानोरीला मुंजाबा वस्ती आहे. पिंपळाच्या पारावर शेंदूर फासलेला लहानसा दगड ही मुंजाबाची नेहमीची जागा. ज्या मुलाच्या रोजच्या वाटेवर असा पार असतो, त्याला पिंपळाखाली घडणाऱ्या गोष्टीसाठी वेगळी वातावरणनिर्मिती लागत नाही.

वेताळाचे पुण्याशी नाते याहून ठळक आहे. आजच्या गुरुवार पेठेचे जुने नाव वेताळ पेठ. समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीची वेताळ टेकडी ही शहरातली सर्वांत उंच टेकडी, आणि तिच्या माथ्यावर वेताळाचे देऊळ आहे. वेताळ हा भुतांचा अधिपती. कोकणात आणि गोव्यात तो गावाचा राखणदारही आहे. म्हणजे भीती घालणारा आणि भीती निवारणारा एकच. मुलांच्या साहित्यात त्याचा प्रवेश झाला तो कथा सांगणारा म्हणून. अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने रचलेल्या ‘कथासरित्सागरा’त वेताळाच्या पंचवीस कथा आहेत. मराठी मुद्रित गद्याच्या अगदी आरंभीच्या काळात सदाशिव काशीनाथ छत्रे यांनी ‘वेताळपंचविशी’ मराठीत आणली. मात्र विसाव्या शतकातल्या मुलांना वेताळ भेटला तो प्रामुख्याने ‘चांदोबा’ मासिकातून. १९४७ मध्ये तेलुगू आणि तमिळमध्ये सुरू झालेल्या ‘चंदामामा’ची ही मराठी आवृत्ती १९५२ पासून निघू लागली.

‘चांदोबा’तल्या वेताळकथांची चौकट दर महिन्याला तीच असे. राजा झाडावरून प्रेत उतरवतो, खांद्यावर टाकून स्मशानाची वाट धरतो, प्रेतातला वेताळ गोष्ट सांगून कोडे घालतो, उत्तर माहीत असून गप्प राहिलास तर डोक्याची शकले होतील असे बजावतो, राजा उत्तर देतो आणि मौन मोडल्यामुळे वेताळ पुन्हा झाडावर जातो. मूळच्या पंचवीस कथा संपल्यावरही मासिकाने त्याच चौकटीत नव्या कथा घालून मालिका वर्षानुवर्षे चालू ठेवली. शंकर या नावाने चित्रे काढणारे के. सी. शिवशंकरन यांनी हातात तलवार आणि खांद्यावर प्रेत घेतलेला राजा असा काही रेखाटला की पिढ्यान्‌पिढ्या तेच चित्र डोळ्यांसमोर राहिले. १९८५ मध्ये दूरदर्शनवर आलेल्या ‘विक्रम और बेताल’ने त्यात भर घातली. परिणामी या चौकटीचा प्रत्येक भाग स्वतंत्रपणे थट्टेला उपयोगी पडू लागला. कोणी पाठीवर बसून प्रश्न विचारत राहिला की तो वेताळ. पुरे होत आलेले काम पुन्हा पहिल्या पायरीवर आले की वेताळ झाडावर गेला. व्यंगचित्रकारांनी तर पुढाऱ्यांच्या खांद्यांवर महागाईपासून आघाडीच्या राजकारणापर्यंत सारे काही बसवले. मूळ कथा न वाचलेल्या माणसालाही हा विनोद कळतो. संदर्भ पूर्ण रुजल्याचे हेच लक्षण.

पुण्यातली आणखी एक भयकथा इतिहासातून आलेली आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात अठरा वर्षांच्या नारायणराव पेशव्यांचा गारद्यांनी खून केला. जीव वाचवण्यासाठी ते काका रघुनाथरावांकडे धावले, आणि हुकमातल्या ‘धरावे’चे ‘मारावे’ झाले, ही आख्यायिका सर्वांना ठाऊक आहे. त्यातून ‘ध चा मा’ हा वाक्प्रचार आला, आणि अमावास्या-पौर्णिमेला वाड्यातून ‘काका, मला वाचवा’ अशी हाक ऐकू येते ही मुलांची भुताची गोष्टही आली. १८२८ च्या आगीत वाड्याचा आतला बहुतेक भाग जळाला. तट, बुरूज, दरवाजे आणि जोती एवढेच उरले. या रिकामेपणाने गोष्टीला बळ दिले असणार, कारण मुलाला महाल कल्पनेनेच उभा करावा लागतो. तीच हाक पुणेरी मुले परीक्षेचा पेपर हाती आल्यावर किंवा खेळात पकडले गेल्यावर मारतात. एका कोवळ्या मुलाचा खून असा खेळात यावा हे काहींना खटकते. पण मुले दुःखद इतिहास याच वाटेने लक्षात ठेवतात. नारायणरावांचे नाव पाठ्यपुस्तकापेक्षा या हाकेने अधिक घरांत जिवंत ठेवले आहे.

छापील आणि तोंडी गोष्टींनंतर रंगभूमी. मुंबईत सुधा करमरकर यांनी १९५९ मध्ये बालरंगभूमीचे काम सुरू केले. रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) यांनी पत्नी प्रतिभा मतकरी यांच्यासह ‘बालनाट्य’ ही संस्था चालवली. मतकरींच्या ‘अलबत्या गलबत्या’मधली चिंची चेटकीण हे मराठी मुलांच्या भयविश्वातले पहिले मोठे रंगमंचीय पात्र म्हणता येईल. लांब नाक, पिंजारलेले केस, किंचाळणारा आवाज, आणि या सगळ्याच्या आत एक पुरुष नट. दिलीप प्रभावळकरांनी ती भूमिका गाजवली. २०१८ मध्ये नाटक नव्याने रंगमंचावर आले तेव्हा वैभव मांगले चेटकीण झाले. त्या प्रयोगांना लहानपणी जुने नाटक पाहिलेले आईबाप आपल्या मुलांना घेऊन येत. एकाच प्रवेशाला एका रांगेत मूल दचकत होते आणि शेजारी त्याची आई आपल्या लहानपणची चेटकीण या चेटकिणीशी ताडून पाहत होती. हीच मुले मोठी झाली की त्यांना कळते की चेटकिणीचा लेखक आणि ‘खेकडा’सारख्या अंगावर काटा आणणाऱ्या गूढकथांचा लेखक एकच. मुलांसाठी भय हलक्या हाताने घालणारा लेखक मोठ्यांना मात्र कसलीही सवलत देत नाही, हे लक्षात येणे हा वाचनातला एक खरा टप्पा आहे.

पुण्यात उलट दिशेचा एक प्रवाहही आला. बर्लिनच्या ग्रिप्स थिएटरच्या धर्तीवर थिएटर अकादमीने १९८६ पासून मुलांसाठी नाटके केली. डॉ. मोहन आगाशे यांनी त्यात पुढाकार घेतला. या नाटकांत राक्षस, चेटकिणी, राजकन्या यांना जागा नव्हती. मुलांची खरी भीती घरात, शाळेत आणि मोठ्यांच्या वागण्यात असते, ती दाखवावी, अशी ती भूमिका. तिचे मोल मोठे आहे. तरीही चेटकीण हटली नाही. खऱ्या भीतीवर बोलायला मुलाला कधीकधी खोट्या भीतीची सोबत लागते.

मराठीतल्या आतल्या गोटातल्या विनोदांचे सर्वांत मोठे भांडार म्हणजे महेश कोठारे यांचा १९९३ चा ‘झपाटलेला’ हा चित्रपट. कुख्यात गुंड तात्या विंचू मरता मरता मंत्राच्या बळावर एका बोलक्या बाहुल्यात शिरतो आणि पुन्हा माणसाच्या देहात जाण्यासाठी नायक लक्ष्याच्या मागे लागतो. १९८८ च्या ‘चाइल्ड्स प्ले’ या अमेरिकी चित्रपटावरून हे कथासूत्र घेतलेले आहे आणि रसिकांनी ते केव्हाच ओळखले. तिथल्या चकी या बाहुल्यात शिरलेल्या खुन्याचे नाव चार्ल्स ली रे. चार्ल्स मॅन्सन, ली हार्वे ओस्वाल्ड आणि जेम्स अर्ल रे या तीन कुप्रसिद्ध गुन्हेगारांच्या नावांचे तुकडे जोडून ते बनवले आहे. मूळ चित्रपटातच असा संदर्भ गुंफलेला होता, पण मराठी मुलाला त्याचा उपयोग नव्हता. कोठारे यांच्या चित्रपटाने त्या जागी आपले संदर्भ घातले. गुंडाच्या साथीदाराचे नाव कुबड्या खवीस, म्हणजे थेट आजीच्या यादीतले भूत. मंत्राचा शेवट ‘फट् स्वाहा’ असा, खऱ्या तांत्रिक मंत्रांच्या वळणाचा. लक्ष्मीकांत बेर्डे नेहमीप्रमाणे लक्ष्या, कोठारे नेहमीप्रमाणे महेश, आणि त्यांचे ‘डॅम इट’ जागच्या जागी. कोठारेपटांची ही कायमची नावे ठाऊक असलेला प्रेक्षक चित्रपट सुरू होण्याआधीच निम्म्या विनोदांत सामील झालेला असे.

सर्वांत नेमका संदर्भ मात्र बाहुल्याचाच होता. ‘झपाटलेला’चा बाहुला रामदास पाध्ये यांचा. त्यांचे वडील य. के. पाध्ये यांनी महाराष्ट्राला शब्दभ्रमाची कला दाखवली आणि अर्धवटराव घडवला. रामदास पाध्यांनी तो दूरदर्शनवरून घराघरांत नेला. बाहुला बोलतो तेव्हा खरे कोण बोलते, हे त्या काळचे प्रत्येक मूल जाणून होते आणि पाध्यांच्या ओठांकडे टक लावून बसत होते. चित्रपटाने त्या खात्रीलाच धक्का दिला : बाहुला बोलतो आहे आणि मागे कोणी नाही. अमेरिकी प्रेक्षकाला चकी हे दुकानातले खेळणे वाटले. मराठी प्रेक्षकाला तात्या विंचू हा अर्धवटरावाचा वाह्यात भाऊबंद वाटला. उसन्या कथेला स्वतःचे घर मिळते ते अशा जागी.

१९९३ याच वर्षी ‘गूजबम्प्स’ मालिकेतही एक बोलका बाहुला आला. ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डमी’ हे त्या पुस्तकाचे नाव. चिठ्ठीवरचे अगम्य शब्द मोठ्याने वाचले की बाहुला जिवंत होतो. शीर्षकातच १९६८ च्या ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ या भयपटाची खूण आहे. स्लॅपी नावाचा बाहुला पुढे मालिकेचा सर्वांत प्रसिद्ध खलनायक ठरला. तात्या विंचू आणि स्लॅपी यांचा एकमेकांशी संबंध नाही. दोघेही बोलक्या बाहुल्याविषयीच्या त्याच जुन्या भयातून जन्मले, एवढेच म्हणता येते. समान दिसणाऱ्या दोन गोष्टींपैकी एक दुसरीवरून घेतलेलीच असली पाहिजे, हा चाहत्यांच्या चर्चेतला नेहमीचा घाईचा निष्कर्ष असतो. ही जोडी पाहून तो सावधपणे तपासावा.

या दोन बाहुल्यांची पुढची कहाणी आणखी मजेदार आहे. २०१५ च्या ‘गूजबम्प्स’ चित्रपटात जॅक ब्लॅक या नटाने लेखक स्टाइन यांची भूमिका केली आणि स्लॅपीला आवाजही त्यानेच दिला. खरे स्टाइन एका क्षणापुरते शिक्षक म्हणून दिसतात आणि त्या शिक्षकाचे नाव आहे मिस्टर ब्लॅक. नट झाला लेखक, लेखक झाला नटाच्या नावाचा माणूस. दोनच वर्षांनी, २०१७ मध्ये, आदित्य सरपोतदार दिग्दर्शित ‘फास्टर फेणे’ प्रदर्शित झाला. पुण्याच्या विद्याभवन शाळेत शिकणारा, फुरसुंगीचा बनेश फेणे हा भा. रा. भागवत (१९१०–२००१) यांचा मानसपुत्र. त्याचा ‘टॉक’ हा मराठी बालसाहित्यातला बहुधा सर्वांत ओळखीचा उद्गार. चित्रपटात अमेय वाघ फेणे झाला आणि भागवत हे पात्र म्हणून पडद्यावर आले. ती भूमिका केली दिलीप प्रभावळकरांनी. म्हणजे चिंची चेटकीण आणि तात्या विंचू साकारणाऱ्या नटालाच मुलांच्या सर्वांत लाडक्या लेखकाच्या रूपात बसवले गेले. फेणेच्या कथा साहसाच्या आहेत, भुतांच्या नव्हेत. पण चेटकिणीला पाहून रडलेल्या आणि तात्याला पाहून उशीत तोंड खुपसलेल्या प्रेक्षकाला त्या शांत, प्रेमळ म्हाताऱ्या लेखकाकडे पाहताना जे वाटले असेल, ते नट निवडताना कोणाच्याच मनात आले नसेल असे मानणे कठीण आहे.

संदर्भ शोधण्याच्या वाटेवरचे सर्वांत खोल पाणी मात्र पुण्याच्या नारायण धारपांपाशी (१९२५–२००८) आहे. धारपांनी पुस्तके मोठ्यांसाठी लिहिली. ती वाचली मात्र शाळकरी मुलांनीही, वाचनालयातून आणून, अभ्यासाच्या पुस्तकाआड धरून. त्यांचा नायक समर्थ अमंगळ शक्तींचा बीमोड करतो आणि त्याची हकिकत अप्पा सांगतो. शेरलॉक होम्स आणि वॉटसन यांची बैठक लगेच ओळखू येते. पण नाव समर्थ ठेवल्याबरोबर मराठी वाचकाच्या मनात रामदास, मारुती आणि भीमरूपी एकदम उभे राहतात. भुते पळवणारा माणूस असाच असणार हे सांगायला एक शब्द पुरला.

धारपांच्या अनेक पुस्तकांमागे इंग्रजी कृती आहेत. ‘लुचाई’मागे स्टीफन किंग यांची ‘सेलम्स लॉट’ (१९७५), ‘शपथ’मागे त्यांचीच ‘इट’ (१९८६) आहे, हे धारपांचे वाचक आज सहज सांगतात. ‘इट’मध्ये मुलांची एक टोळी एका आदिम दुष्ट शक्तीशी लढते आणि ती शक्ती त्या काळच्या भयपटांतल्या राक्षसांची रूपे घेऊन मुलांसमोर येते. अशी कादंबरी मराठीत आणताना नुसते भाषांतर चालत नाही, कारण ज्या चित्रपटांवर तिची भीती उभी आहे ते इथल्या मुलाने पाहिलेलेच नसतात. रूपांतरकाराला भीतीची मुळेच बदलावी लागतात. ‘ढापलेले आहे’ असा एक सूर धारपांविषयी नेहमी निघतो आणि ‘म्हणून काय झाले, आम्ही तर घाबरलो’ हा दुसरा. दोन्हींत तथ्य आहे. मूळ लेखकाचे नाव पानावर ठळक असणे हा वाचकाचाही हक्क आहे, कारण त्यामुळे त्याला पुढचे दार सापडते. आणि वाड्याचा कुबट वास, माजघरातला अंधार, एकट्या माणसाचा अडखळता श्वास धारपांनी मराठीत ज्या नेमकेपणाने आणला, तो कोणत्याही मूळ पुस्तकातून उचलता येणारा नव्हता.

धारपांच्या ‘आजी’ या कथेपासून निघालेली वाट या विषयातला सर्वांत सुंदर शोध आहे. तिचे मूळ किंग यांच्या १९८४ च्या ‘ग्रॅमा’ या कथेत आहे. एक मुलगा म्हाताऱ्या, आजारी आणि भयंकर आजीसोबत घरात एकटा सापडतो. राही अनिल बर्वे यांच्या ‘तुंबाड’ (२०१८) या चित्रपटाचे बीज त्यांना १९९३ मध्ये एका मित्राने सांगितलेल्या धारपांच्या कथेत होते. ‘तुंबाड’ हा मोठ्यांसाठीचा हिंदी चित्रपट, पण त्याचा पहिला भाग अगदी याच प्रसंगाचा आहे : मुलगा, घर आणि साखळदंडातली आजी. आजीला झोपवायला एक नाव घ्यायचे असते, हस्तर. किंग यांच्या कथेतही म्हातारीला आवरण्यासाठी मुलाला ज्याच्या नावाने आज्ञा द्यायला सांगितले जाते, ते नाव हॅस्टर. नाव जुळते, प्रसंग जुळतो आणि नावाचा उपयोगही जुळतो. इतके सारे एकत्र आल्यावर योगायोग म्हणता येत नाही.

हॅस्टर किंग यांचाही नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अँब्रोज बिअर्स यांनी एका मेंढपाळाच्या कथेत हे नाव प्रथम वापरले. तिथे तो मेंढपाळांचा कनवाळू देव आहे. रॉबर्ट चेंबर्स यांनी १८९५ च्या ‘द किंग इन यलो’मध्ये ते नाव उचलले आणि त्याला गूढ, अस्वस्थ करणारी छटा दिली. एच. पी. लव्हक्राफ्ट यांनी १९३१ च्या एका कथेत त्याचा ओझरता उल्लेख केला. त्यांचे अनुयायी ऑगस्ट डर्लेथ यांनी त्याला विश्वापलीकडचा भयंकर देव करून टाकले. तिथून तो किंगकडे आला आणि शेवटी कोकणातल्या एका वाड्यात, पीठ आणि सोने यांच्या लोभाची शिक्षा भोगत बसला. यातल्या प्रत्येक लेखकाने आधीच्याला उद्देशून डोळा मिचकावला आहे. ‘तुंबाड’ या शीर्षकात आणखी एक खूण आहे : श्री. ना. पेंडसे यांची ‘तुंबाडचे खोत’ ही कादंबरी. तिच्यात भूत नाही, जगबुडीकाठच्या एका घराण्याचा उतार आहे. पण लोभाने पोखरलेले घर हे सूत्र दोन्हींकडे आहे आणि म्हणून उसने घेतलेले नाव शोभते. चित्रीकरणाचा काही भाग पुण्याजवळच्या सासवडला झाला. त्यामुळे पुण्यातले अनेकजण पडद्यावरचा वाडा पाहून ‘हा आपला पाहिलेला’ म्हणाले, आणि कथेच्या बाहेरची आणखी एक ओळख त्यात मिसळली.

असे शोध घेताना चाहत्यांनी न ठरवताच काही कसोट्या तयार केल्या आहेत. नुसते वातावरण सारखे असणे पुरेसे नाही, कारण पडका वाडा आणि वादळी रात्र सर्वांचीच असते. नेमके नाव, मंत्राचा किंवा शापाचा नेमका नियम आणि प्रसंगांचा तोच क्रम जुळला तर शंका घ्यावी. मग तारखा पाहाव्यात, म्हणजे कोण कोणाच्या आधी ते कळते. निर्मात्याने स्वतः काही सांगितले असेल तर त्याचे वजन सर्वांत जास्त. ‘झपाटलेला’ आणि ‘चाइल्ड्स प्ले’ यांची जोडी या कसोटीला उतरते : मरता खुनी, मंत्र, बाहुला, माणसात परतण्याची अट, सारे एका ओळीत. तात्या आणि स्लॅपी यांची जोडी उतरत नाही. साहित्याच्या वर्गात ज्याला प्रभावाचा अभ्यास म्हणतात, तेच काम ही मुले वडापावच्या गाडीपाशी उभी राहून करत असतात आणि पुष्कळदा चोखपणे करतात.

‘फास्टर फेणे’नंतर सरपोतदार यांनी २०२२ मध्ये ‘झोंबिवली’ केला. त्याचे शीर्षक डोंबिवलीवरचा श्लेष, आणि नायकांत पुन्हा अमेय वाघ. ७ जून २०२४ रोजी त्यांचा ‘मुंज्या’ हा हिंदी चित्रपट आला. मुंज झाल्यावर लगेच मेलेला गोट्या, कोकणातले झाड, लग्नाची अतृप्त इच्छा, आणि पुण्यात आईच्या पार्लरमध्ये काम करणारा बुजरा बिट्टू. आजीच्या यादीतले भूत जसेच्या तसे उचलले आहे. मराठी प्रेक्षकाला शीर्षकातच निम्मी कथा कळली. बाकीच्या भारताला ती पात्रांच्या तोंडून समजावून घ्यावी लागली. श्रेयनामावलीनंतर ‘भेडिया’मधला भास्कर येतो आणि हा चित्रपट त्याच निर्मितिसंस्थेच्या भयपटांच्या साखळीत जोडला जातो. तो तुकडा पाहण्यासाठी खुर्चीत बसून राहणे हे आता मुलांच्या चित्रपट पाहण्याचाच भाग झाले आहे. कोण थांबले आणि कोण दिवे लागताच उठून गेले यावरून ती जाणकार कोण ते ठरवतात.

या चित्रपटाने संदर्भाची दिशाही उलटवली. आधीच्या पिढ्यांना मुंजा पारावर भेटला आणि मग गोष्टीत. आजच्या पुण्यातल्या पुष्कळ मुलांनी तो आधी पडद्यावर पाहिला. मुंजाबाच्या बोळावरून जाताना किंवा शेंदूर लावलेला दगड दिसल्यावर ती तो चित्रपटातला संदर्भ म्हणून ओळखतात. त्यानंतर घरातले मोठे माणूस त्यांना सोडमुंज म्हणजे काय, पिंपळच का, आणि बारा पिंपळावरचा मुंजा कोणाला म्हणतात, हे सांगायला बसते.